काठमांडूचं चूलबंद आवतण

लगीन परदेशात करायचं हे खूळ आमच्या दाजींच्या डोक्यात कुणी घातलं, मला म्हाईत न्हाई. ज्यानं घातलं त्येचं तळपट हुईल, असं मी अठ्ठ्याहत्तर साली म्हणालते. आजबी तेच म्हणते.

दाजी म्हंजी गणपतराव, माझ्या नणंदेचं मालक. कोल्हापुरात उद्यमनगरात त्येंची फौंड्री. एक भट्टी हुती तवा आमच्या गडमुडशिंगीला यायचं, पाट मांडायच्या आधीच बसायचं आन् आमटीत भाकरी कुस्करून वरपायचं. भट्ट्या वाढल्या, मोटार आली, तशी त्यास्नी आमची भाकरी टोचाय लागली. माझी नणंद तानाबाई, पोरगी रांगत हुती तवाच गेली. दाजींस्नी भट्टी सांभाळायची हुती, मग पोरगी कोण सांभाळणार? आणून माझ्या मांडीवर ठेवली. मला मूलबाळ न्हाई. श्यामला आपलीच, असं आमी दोघं धरून चाललो. चौथी पास झाली, चांगली बोलाय-चालाय लागली, तवा दाजींस्नी आठवलं की ही आपली लेक हाय. नेऊन इंग्रजी शाळंत घातली. मग ती दिवाळीला यायची, मग नुसती जत्रंला, मग नुसतं पत्र यायचं.

मालकांचं नाव मी घेत न्हाई. पर तुमास्नी गोष्ट कळाय पायजे म्हणून एकदाच सांगते, आकाराम. झालं, घेतलं. उंच मानूस, डोक्याला कायम फेटा, आन् बोलणं म्हशींसंगं जास्त, माणसांसंगं कमी. पोरीचं लगीन ठरल्याचं कळलं तवापासनं ह्या मुक्या माणसाच्या तोंडात एकच वाक्य हुतं, "मांडवात मी आणणार तिला."

त्यो मामाचाच मान हाय. नवरीला हाताला धरून मामानं मांडवात आणायची आन् अंतरपाट धरल्यावर तिच्या पाठीशी हुभं ऱ्हायाचं. बापाला दुसरं लगीन करता येतंय, नवऱ्याला बी करता येतंय. मामा दुसरा कुठनं आणणार? असं मी तवा म्हणत हुते. मला काय म्हाईत, त्योबी मिळतो म्हणून.

तर, पोरगा पुण्याचा. मोठी माणसं, बंगला, दोन गाड्या. त्याच साली दाजींच्या शेजारच्या कारखानदारानं लेकाच्या वरातीला हत्ती आणला. आख्ख्या कोल्हापुरात हत्तीचीच चर्चा. दाजींनी बी जनावर हुडकाय घेतलं. हत्तीपेक्षा मोठं जनावर काय मिळंना, म्हणून त्येंनी देशच बदलायचं ठरवलं. नेपाळातल्या काठमांडूला जायला पासपोर्ट लागत न्हाई, हे कळल्यावर तर त्येंचं पक्कंच झालं. फारीनचं फारीन, आन् कागद न्हाई का पत्तर न्हाई.

खरं कारण मला मागनं कळलं. एवढ्या लांब लगीन केलं की आमच्यासारखी गावाकडची माणसं आपसूक गळत्यात. पुण्याच्या सोयऱ्यांम्होरं धोतरं आन् नऊवारी लुगडी दिसाय नकोत, ह्यो त्येतला डाव. पर डाव टाकणारा मानूस कोल्हापूरचा. त्येनं एक घोळ केलाच.

आवतणाला दाजी मोटारीनं आलं. अक्षता, कुकू, छापील पत्रिका, सगळं बेस आणलं. दारात हुभं ऱ्हायलं आन् तोंडाला सवय असती न्हवं का, बोलून गेलं, "पावणं, चूलबंद आवतण हाय बरं का!"

चूलबंद म्हंजी त्या दिवशी घरात चूलच पेटवायची न्हाई. म्हातारी-कोतारी, पोरं-सोरं, सगळ्यांनी जेवाय तिकडंच यायचं. आन् वऱ्हाड न्यायचं-आणायचं ते आवतण देणाऱ्यानं. दाजींनी आळीतल्या दारोदार हेच सांगितलं. परदेशाला कोण मरायला येतंय, असं त्यास्नी वाटलं आसंल. तोंडानं माया दाखवायला काय जातंय?

आख्खी आळी म्हणाली, "येणार की!"

दाजी मोटारीत बसताना त्येंचा चेहरा मी बघितला. मिरची चावल्यावाणी झालता.

दिलेलं आवतण माघारी घेता येत न्हाई. तसं केलं तर भावकीत सात पिढ्या नाव निघतं. मग दाजींनी दुसरी युक्ती काढली. आठवड्यानं निरोप आला, परदेशी लग्नाला येणाऱ्या पावण्यांस्नी फौंड्रीच्या शेडात मार्गदर्शन हाय, सगळ्यांनी येयाचं. गेलो ट्रॅक्टरची ट्रॉली भरून. शेडात खुर्च्या मांडलेल्या, फळा टांगलेला, आन् फळ्याम्होरं छडी घेऊन दाजींचा मॅनेजर नृसिंह. काठमांडूला जाऊन आलेला कोल्हापुरातला ह्यो एकच मानूस, असं दाजी सांगायचं. पोरगा तसा चांगला हुता. पर हातात छडी दिली की कुणाचाबी मास्तर हुतो.

"मंडळी," नृसिंह म्हणाला, "परदेशात आपण आपल्या देशाचे प्रतिनिधी असतो. पहिली गोष्ट, तंबाखू. थुंकलात की जागेवर दंड. दुसऱ्यांदा थुंकलात तर तुरुंग."

कृष्णात, माझ्या चुलत दिराचा पोरगा, तोंडात बार भरूनच बसलता. त्येनं तिथल्या तिथं गिळला, आन् उठून बाहीर गेला त्यो परत आलाच न्हाई. एक गळाला.

"दुसरी गोष्ट, लस. कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागेल. दोन वेळा. सुई मोठी असते."

सुई मोठी हे सांगायची काय गरज हुती? पर सांगितलं. गुंडू आमच्या तालमीतला पैलवान, बैलाला शिंगाला धरून बसवतोय. त्येला घाम फुटला. "माझा ऊस तुटायचा हाय वं, मला न्हाई जमायचं," म्हणाला. ऊस मागल्या म्हैन्यातच तुटून गेलता.

"हॉटेलात संडासात खुर्ची असते," नृसिंह फुडं म्हणाला. त्येनं फळ्यावर चित्र बी काढलं. "त्या खुर्चीवर बसायचं असतं. वर चढायचं नसतं."

शेजारच्या जोतीरामची आई माझ्या कानाला लागली, "बये, खुर्चीवर पावण्यास्नी बसवत्यात गं." आन् तिनं तिथंच जाहीर केलं की आपलं गुडघं दुखत्यात. म्हातारीसंगं तिच्या घरची सगळीच गळाली.

मग म्हणं जेवताना काटा-चमचा लागतो, हात ताटाला लावला की बघणारी हसत्यात. मग म्हणं लसणाची चटणी, ठेचा, सुकं मटण ह्येतलं काय बी आणायचं न्हाई, वासानं हॉटेलवाला बाहीर काढतोय. मग म्हणं टॉवेल-टोपीचा आहेर पुण्याची मंडळी घेत न्हाईत. थंडी अशी की कान गळून पडत्यात. पाणी असं की पोट धरून बसावं लागतंय. एकेका गोष्टीला एकेक खुर्ची रिकामी हुत गेली. दाजी कोपऱ्यात बसून चहा पीत हुतं आन् प्रत्येक रिकाम्या खुर्चीला त्यास्नी चहा गोड लागत हुता.

शेवटी आमी दोघंच ऱ्हायलो. दाजी चुळबुळ कराय लागलं. नृसिंहनं त्येंच्याकडं बघितलं आन् घसा खाकरला.

"आणि शेवटची गोष्ट, पोशाख. पुरुषांना सूट-बूट आणि टाय. धोतर, फेटा, पटका घालून हॉटेलच्या हॉलमध्ये प्रवेश मिळत नाही. तिथला कायदाच आहे."

माझं मालक तासाभरात पैल्यांदा बोललं. "मामाला बी?"

नृसिंह फळा पुसाय लागला. दाजी म्हणालं, "आता कायदा सगळ्यांस्नी सारखाच की, आकाराम. तुला न्हाई जमायचं. न्हाई आलास तरी कोण काय म्हणणार न्हाई बघ."

मालक उठलं, फेटा सारखा केला आन् म्हणालं, "न जमायला काय झालं? शिवून घेतो."

दाजींच्या हातातला चहा बशीत सांडला. लई बरं वाटलं मला.

मग आमच्या घरी जे सुरू झालं ते सांगायचं तर हसावं का रडावं कळत न्हाई. महाद्वार रोडच्या शिंप्यानं मापं घेतली. त्यो नव्या जमान्यातला शिंपी, त्येनं फॅशनची पँट शिवली. वर मांड्या आवळलेल्या आन् खाली पायाशी गव्हाणीएवढी तोंडं. मालक चालाय लागलं की दोन्ही तोंडं फटाफटा एकमेकांवर आपटायची. टायची गाठ शिंप्यानंच मारून दिली आन् सांगितलं, "सोडू नका, नुसती डोक्यातनं घाला." दावं घालावं तशी घातली. फेटा काढला तर कपाळ अर्धं काळं आन् अर्धं पांढरं. लग्न होऊन एवढी वर्सं झाली, माझ्या नवऱ्याचं कपाळ एवढं गोरं हाय हे मला तवा कळलं.

बूट पायाची सालपटं काढायचं, त्येची सवय व्हावी म्हणून मालक सकाळी सूट घालून गोठ्यात गेलं. म्हशीनं वळखलं न्हाई. बादली लाथाडली आन् दावणीचा खुंटा उपटून परड्यात पळाली. आख्खी आळी बघाय गोळा. पोरं "सायेब, सलाम!" म्हणून कपाळाला हात लावाय लागली. कृष्णात कुडावर बसून तंबाखू मळत म्हणाला, "काका, तलाठी झालासा काय वं?"

दुसरा कुणी असता तर सूट चुलीत घातला असता. मालकांनी म्हस धरून आणली, धार काढली, आन् न्याहारीला बसून पिठलं काट्यानं खायाला लागलं. पिठलं काट्यातनं खाली. परत काटा घातला, परत खाली.

मी म्हटलं, "अवो, कशापायी हे सोंग? त्यो मानूस तुमास्नी येऊ नका म्हणतोय, कळत न्हाई व्हय तुमास्नी?"

"कळतंय की," मालक म्हणालं.

"मग?"

"आवतण त्येचं हाय. पोरगी आपली हाय."

ह्येच्यावर मी काय बोलणार? काटा काढून घेतला आन् चमचा दिला. डोळ्यात पाणी आलतं, ते चुलीच्या धुराचं म्हणून पुसलं. धूर नव्हता.

निघालो. दाजींनी आगगाडीचा डबाच केलता. त्येत कोल्हापूरची सगळी पेठेतली, बंगल्यातली माणसं, आन् आमी दोघं. पोरीला घेऊन दाजी चार दिस आधीच गेलतं. पेठेतल्या बायकांचं मार्गदर्शन निराळंच हुतं. कोण म्हणं तिथनं नायलॉनच्या साड्या आणायच्या, जाताना एकच नेसून जायचं आन् येताना चार एकावर एक नेसायच्या, म्हंजी जकातवाला काय बोलत न्हाई. कोण म्हणं छत्र्या, कोण म्हणं ट्रान्झिस्टर डब्यात पिठाखाली ठेवायचा. दाजींचा एक कंत्राटदार दोस्त म्होरच्या बाकावर उकडलेली अंडी सोलत बसलता. लग्नाचं नाव कुणाच्याच तोंडात न्हाई. मालक खिडकीत, सूट घडी करून मांडीवर, चुरगळंल म्हणून झोपताना बी खाली ठेवला न्हाई.

आगगाडीतनं उतरून बसमधी बसलो आन् हिंदुस्थानची हद्द आली. मला वाटलं, काय तरी मोठी भिंत असंल, बंदूकवाले असतील. बघते तर एक बांबू आडवा. आमच्या हातकणंगल्याच्या रेल्वे फाटकावर ह्येच्यापेक्षा जाड बांबू हाय. एका शिपायानं बांबू वर केला, आमची बस पलीकडं गेली, आन् पेठेतल्या बायका टाळ्या वाजवाय लागल्या, "फॉरेन! फॉरेन!" पलीकडं बी तसंच शेत, तशीच शेळी, तसाच मानूस रस्त्याकडंला बसून तंबाखू मळतोय. थुंकला बी. तुरुंगात न्हायला कोण आलं न्हाई.

तितनं माझं डोकं तापाय लागलं. काठमांडूत हॉटेलच्या दारात उतरलो आन् उरलंसुरलं बी तापलं. दारात दरवान हुभा. त्येच्या डोक्याला काय असंल? फेटा! आमच्या मालकांच्या फेट्यापेक्षा मोठा, वर तुरा खोचलेला. त्येनं आमच्या मालकांस्नी, फेट्याला परवानगी न्हाई म्हणून बोडक्या डोक्यानं आलेल्या माणसाला, वाकून सलाम ठोकला. आत जेवणघरात नेपाळची बरी बरी माणसं टोप्या घालून बसलेली, आन् वरण-भात हातानं कालवून खात हुती. भुरके मारून.

नृसिंह जिन्याशी गाठ पडला. मी त्येला धरला. "काय रं मास्तर? फेट्याला कायदा हाय म्हणालतास न्हवं? काटा-चमचा म्हणालतास न्हवं?"

पोरानं मान खाली घातली. "वहिनी, मला जे सांगायला सांगितलं ते मी सांगितलं."

"आन् तुझी अक्कल? ती बी मालकाकडं गहाण ठेवलीस व्हय?"

"असू दे गं," मालक मागनं म्हणालं. "आलो न्हवं? आता उद्या पोरीला मांडवात आणली की झालं."

पोरीला भेटाय गेलो तर दाजी आडवं आलं. मेंदी काढायला बसलीया, उद्या भेटा म्हणालं. मालकांस्नी सुटात बघून खालनं वरपतूर न्याहाळलं आन् जरा हसलं. "झकास दिसतोस की! आता कोण म्हणंल गडमुडशिंगीचा हाईस म्हणून?" मालकांस्नी ते कौतुक वाटलं. मला न्हाई वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त. हॉलमधी गालिचा, फुलं, आन् सगळीकडं कोल्हापुरी थाट बरं का! तुतारीवाला आणलेला, हलगी आणलेली, पुण्याच्या झाडून सगळ्या पुरुषांस्नी केशरी फेटं बांधलेलं. सूट घातलेला आख्ख्या हॉलात एकच मानूस. माझं मालक. पुढच्या रांगंत कडंला, गुडघ्यावर हात ठेवून, बोलावणं कवा येतंय म्हणून वाट बघत बसलेलं. कपाळ अर्धं पांढरं.

माझ्या शेजारी पुण्याची एक बाई, नवऱ्यामुलाची मावशी. माझं लुगडं बघून तिला वाटलं मी दाजींकडची कोण तरी कामाची बाई हाय. बोलाय लागली, "आमच्या ताईला खानदानी घराणं हवं होतं. मुलीचा आजोळचा वाडा आहे म्हणे. मामा जहागीरदार आहेत. म्हणून तर आम्ही लगेच हो म्हटलं."

"कुणाचा मामा?"

"नवरीचा हो. गणपतरावांनी सांगितलं ना."

जहागीर! चार म्हशी, दीड एकर ऊस आन् शेणाचा ढीग, ही आमची जहागीर. माझ्या पायापासनं मस्तकापतूर आग गेली. आता सगळं कळलं. फेट्यातला आकाराम गावाकडचा दिसला असता. सुटातला आकाराम म्हंजी कुणीच न्हवं. कोण तरी पावणा. म्हणूनच ती शिवणकामाची सक्ती.

मी उठून मालकांकडं जाणार तेवढ्यात भटजींनी आवाज दिला, "मामांनी नवरीला मंडपात आणावं!"

मालक उठलं. कोट ओढून सारखा केला, बूट वाजवत एक पाऊल टाकलं. तवर तुतारी वाजली, आन् कडंचं दार उघडलं. नवरीचा हात धरून आत आला कोण? गाडीत आमच्या डब्यात उकडलेली अंडी सोलत बसलेला, दाजींचा कंत्राटदार दोस्त! पांढरंशिप्पत धोतर, जरीचा कोट, कमरंला तलवार, आन् डोक्याला असला मोठा गुलाबी फेटा की मान त्येच्या वजनानं एका अंगाला कललेली. फोटोवाल्याचा दिवा फाटदिशी उडाला. पुण्याची मंडळी कुजबुजली, "हे मामा! जहागीरदार!"

श्यामला मान खाली घालून चालत हुती. हिरवा शालू, मुंडावळ्या, आन् चालणं अगदी तानाबाईचं. मालक गालिच्याच्या कडंला हुभं. ती त्येंच्या अंगावरनं गेली. शालूचा काठ त्येंच्या त्या फॅशनच्या पँटीला लागला. तिनं वर बघितलं न्हाई. मालकांनी फुडं केलेला हात माघारी घेतला. मग हळूच मागं सरकून खुर्ची चाचपाय लागलं, बसायला.

माझ्यानं ते बघवलं न्हाई. त्या माणसानं माझ्यासंगं इतकी वर्सं काढली, कुणाकडं काय मागितलं न्हाई. एकदाच एक गोष्ट मागितली, आन् तीबी मागितली न्हाई, त्येची ती हुतीच. ती त्येच्या नाकाम्होरनं उचलून न्हेत हुती ही माणसं आन् ह्यो खुर्ची शोधतोय! मी पदर खोचला. ओढ्याच्या ह्या काठावरनं त्या काठाला वैरणीसाठी हाक मारत्यात तशी मारली, "श्यामेऽऽ! अगं ये श्यामे! तुझा मामा हितं हाय!"

हलगी थांबली. तुतारीवाल्यानं फुगवलेलं गाल तसंच ऱ्हायलं. मावशीबाई माझ्यापासनं दोन खुर्च्या लांब सरकल्या.

श्यामला जागच्या जागी थांबली.

"श्यामला, चल पुढं," दाजी बोलवत हुतं, "काय न्हाई, कोण तरी बाई हाय. मुहूर्त टळतोय, चल." पोरीनं तिकडं मान बी वळवली न्हाई. सगळ्या हॉलभर डोळं फिरवत हुती. मला बघितलं आन् तिचं तोंड लहानपणी रडायच्या आधी व्हायचं तसं झालं.

"मामी! तू आलीस?" कंत्राटदाराचा हात सोडून, शालू दोन्ही हातानं उचलून ती गालिच्यावरनं माघारी आली. "आणि मामा? बाबा म्हणाले, म्हैस व्यायला झालीय, मामा येणार नाही."

"ह्यो काय! तुझ्याम्होरं!"

तिनं बघितलं. आधी बूट बघितलं, मग ती गव्हाणीची तोंडं, मग टाय, मग अर्धं पांढरं कपाळ. आन् मग डोळं.

"मामा," ती म्हणाली, आन् शाळंत शिकलेलं सगळं शुद्ध बोलणं कुठं गेलं कुणास ठाऊक, "ह्ये काय घातलंयस रं?"

मालकांनी खरं तेच सांगितलं. दुसरं काय त्यास्नी येतंच न्हाई. "तुझ्या बानं सांगितलं. फेटा असला की हितं आत घेत न्हाईत म्हणून."

मग आख्ख्या हॉलनं केशरी फेट्यांच्या रांगाकडं बघितलं, मग कंत्राटदाराच्या गुलाबी फेट्याकडं बघितलं, आन् मग सगळ्यांनी मिळून दाजींकडं बघितलं. दाजींनी खिशातनं रुमाल काढला.

पोरीनं हात फुडं केला. "चल. उशीर व्हायलाय."

मालकांनी आपला तळवा नव्या कोऱ्या पँटीवर पुसला, नीट पुसला, आन् मग तिचा हात धरला. सूट घातलेला ह्यो उंच मानूस, पायातलं बूट चावत असल्यानं जरा लंगडत, तिला घेऊन निघाला. हलगीवाला आमच्याच बाजूचा, त्येला कुणी सांगावं लागलं न्हाई. असला कडाडला की झुंबरं हालली.

विहीणबाई फार थंड आवाजात बोलल्या, "गणपतराव, हे मामा. मग तलवारवाले कोण?"

"त्येबी... ते पण मामाच," दाजी म्हणालं. "लांबचे."

"किती लांबचे?" नवरामुलानं इचारलं आन् हसला. मला तवाच त्यो जावई पसंत पडला.

कंत्राटदार मोठा समजूतदार निघाला. तलवार सोडून खुर्चीखाली सरकवली, फेटा काढून मांडीवर घेतला, मान चोळली आन् नृसिंहला म्हणाला, "चहाचं बघ बाबा कुठं." अंतरपाट धरला. मंगलाष्टका झाल्या. मालक पोरीच्या पाठीशी हुभं हुतं, हालत नव्हतं, श्वास घेत्यात का न्हाई ते बी कळत नव्हतं. अक्षता पडल्या. विहीणबाईंनी बी टाकल्या, पर चार दाणं टाकल्यागत टाकल्या. जहागीर गेली न्हवं का त्येंची.

जेवणं झाली. मालक पोरीच्या शेजारी पाटावर बसून हातानं जेवलं, आन् जावयाला म्हशीच्या दुधाचं कायबाय समजावून सांगत हुतं. मी व्हरांड्यात वारं घ्याय आले, तर मागनं दाजी आलं. चेहरा भट्टीतनं काढल्यावाणी लाल.

"वहिनी, परदेशात येऊन बोंबललासा," दाजी म्हणालं. "माझी सगळी अब्रू घालवलीसा. पोरीच्या लग्नाला मी काय कमी केलं हुतं? तिच्यासाठीच केलं न्हवं सगळं? बाप हाय मी तिचा."

मला भांडायचं हुतं. गडमुडशिंगीपासनं साठवून आणलेलं लई हुतं पोटात. पर त्येंच्याकडं बघितलं आन् एकच बोलले.

"दाजी, तिथं तुमीबी हाक मारलीसा आन् मीबी मारली. पोरगी कुणाच्या हाकंला माघारी वळली, ते तुमी बघितलंसा न्हवं?"

आत फोटोवाला ओरडत हुता, नवरीच्या वडिलांस्नी बोलवा, नवरीच्या वडिलांस्नी बोलवा म्हणून. दाजी कठड्याला धरून तसंच हुभं ऱ्हायलं, आत गेलं न्हाईत.